हरिकेनची डावी पायरी

सोमवार, ६ डिसेंबर १९४३. सकाळी ७.
तुंगार्ली, लोणावळे.

आजपासून रोजनिशी. वाचक अपेक्षित नाही. ज्या गोष्टी पुस्तकाच्या टिपणवहीत शोभणार नाहीत, त्यांच्यासाठी ही वही.

पुस्तकाचे नाव ठरले: 'लढाऊ विमानांची उपेक्षित अंगे'. लाकडाच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी. बहात्तर इंचांचा एक इंच, या मापाने आपल्याकडे आज जी विमाने कोरली जातात ती पाहून मान खाली जाते. पंख सगळ्यांनाच जमतात. नाकाडही जमते. पण तेल गळण्याचे भोक कुठे आहे, चाकाच्या झाकणाला स्क्रू किती, चढण्याची पायरी कोणत्या कोनात लोंबते, हे कोणी पाहतो का? कोणी पाहत नाही. मी पाहणार.

निश्चय: प्रत्येक माप तीनदा घेणे. ऐकीव माहिती वर्ज्य. त्र्यंबकरावांना रागाच्या भरात उत्तर न लिहिणे.

पुस्तक वाचणार कोण, असे पत्नीने, अरुंधतीने, चहा देताना विचारले. पुण्याच्या आमच्या लघुविमान मंडळात पाच सभासद आहेत, असे मी सांगितले. त्यात तुम्ही धरून ना, असे तिने विचारले. धरून. आणि त्र्यंबकराव? तेही धरून. मग तीन, असे म्हणून ती कपबशी घेऊन गेली. गणितात एम. ए. झालेल्या माणसाच्या घरात वजाबाकी अशी वापरली जाते.

बुधवार, ८ डिसेंबर.

त्र्यंबकरावांचे कार्ड. हे गृहस्थ तळेगावात ड्रॉइंग मास्तर आहेत, आणि तेवढ्यावर स्वतःला विमानज्ञ समजतात.

वाद हरिकेनच्या पायरीचा. या विमानाच्या डाव्या बगलेला, पंखाच्या मागे, वैमानिकाला चढण्यासाठी एक लोखंडी पायरी असते. ती खाली ओढली की वरच्या बाजूला एक लहान झाकण आपोआप उघडते आणि हाताला पकड मिळते. झाकण मिटले की पायरी आत. इथपर्यंत मतभेद नाही. उड्डाणात ही पायरी खालीच राहते, असे माझे मत आहे. छायाचित्रांवरून, तर्काने, आणि एकदा दुर्बिणीतून अर्धा क्षण.

त्र्यंबकराव लिहितात, "आकाशात जिना चढून कोण येणार आहे? म्हणून मी पायरी आत दाखवली आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भांडू नये." शेवटी हसल्याची रेघ काढली आहे. पोस्टकार्डावर.

२ जानेवारीला मंडळाची सभा आहे. तोवर पुरावा हवा. हरिकेन जमिनीवर, स्थिर, आणि पहारेकऱ्याशिवाय. युद्धाच्या दिवसांत हे मागणे जास्त आहे, याची कल्पना आहे.

रविवार, १२ डिसेंबर. सकाळी ८.२५.

दाट धुके. ८ वाजून १० मिनिटांनी एका इंजिनाचा आवाज, फार खालून, पूर्वेकडे कामशेतच्या दिशेने. निःसंशय हरिकेन. आवाज एकदम थांबला. हळूहळू विरला नाही, थांबला.

अरुंधती पळी हातात घेऊन बाहेर आली आणि काय झाले म्हणून विचारू लागली. धुके आवाज खाते, असे सांगितले. ती बराच वेळ पायरीवर उभी होती. भात लागला.

सोमवार, १३ डिसेंबर. दुपारी.

ईश्वर अभ्यासूंना विसरत नाही.

महिपती आला होता. हा वडिवळ्याचा शेतकरी, आमच्याकडे वर्षाचा आंबेमोहोर हाच पोचवतो. कुठे विमान उतरले, पडले, दिसले तर प्रथम मला सांगायचे, असे मी त्याला दोन वर्षे बजावत आलो आहे. आज पहाटे निघून पायी आला. काल धुक्यात त्यांच्या गावामागच्या पठारावर एक विमान कारवीत घुसले. एक पंख मोडला. जळले नाही. लांबून पाहता आत माणूस दिसत नाही. बाम असंल म्हणून कोणी जवळ जात नाही.

"सायेब, तुमी इंग्रजी लिवता," तो म्हणाला, "सरकारला कागद लिवा. आमी चौकीवर गेलो तर आमालाच बशीवत्यात. गेल्या साली तारा तुटल्या तवा आमच्या दत्तोबाला सा महिनं आत ठेवलं, त्यो निस्ता बघाया गेलता. आन् त्यो इमानवाला कुटं पडलाय, जगलाय का मेलाय, कायबी ठावं न्हाई. कुणाचं तरी पोर हाय, सायेब."

त्याला धीर दिला. वैमानिकाने आधीच हवाईछत्री घेऊन उडी मारली असणार. हे लोक असेच करतात. एव्हाना तो घाटाखाली पनवेलला चहा पीत बसला असेल. कागद मी आजच लिहितो, असा शब्द दिला.

मात्र विचार करता एक अडचण दिसते. कागद पोचला की लष्कर येणार, आणि लष्कर आले की विमान तुकडे करून लॉरीत. त्या धसमुसळ्या हातांनी आधी काय मोडेल? पायरी. शिवाय पूर्ण माहितीविना अहवाल पाठवणे हे माझ्या शिक्षणाला शोभत नाही. उद्या सकाळी स्वतः पाहतो, मापे घेतो, लगेच पाठवतो. एक दिवसाने काही बिघडत नाही.

मंगळवार, १४ डिसेंबर. सायंकाळी ६.

पायरी खाली आहे.

कोटही न काढता लिहितो. पायरी खाली आहे. वरचे झाकण पूर्ण उघडे. उड्डाण करत आलेले विमान, कोणी हात न लावलेले, आणि पायरी खाली. त्र्यंबकराव संपले.

क्रमाने. पहिल्या गाडीने कामशेत, तिथून पायी वडिवळे. महिपती पठारावर घेऊन गेला आणि स्वतः वीस हात लांब बसला. मी टेप, कॅलिपर आणि छत्री घेऊन काम सुरू केले. पायरीची रुंदी सात इंच, तीनदा मोजली. प्रतिकृतीत एक दशांश इंच भरेल. वैमानिकाची बैठक सर्व नकाशांत दाखवतात त्याहून बरीच खोल आहे, नुसती पत्र्याची बादली. हेही नवे. आणि सर्वांत मोठा शोध: हाताच्या पकडीची आतली बाजू तांबूस तपकिरी रंगाची आहे. एकाही ग्रंथात याचा उल्लेख नाही. रंग सारखा लावलेला नाही, ओघळ आहेत, युद्धकाळातली घाई. चाकूने थोडा खरवडून लिफाफ्यात घेतला. सहज निघाला. अस्तर न देता दिलेला असावा.

एकच त्रास झाला. खालच्या घळीतून कोणी तरी आरशाने कवडसा पाडत होते, नेमका माझ्या डोळ्यांवर. गावातली वात्रट पोरे. मी त्या बाजूला छत्री उघडून धरली आणि काम पुरे केले.

महिपतीची आई मुक्ताबाई दुपारी भाकरी आणि वालाची उसळ घेऊन वर आली. म्हातारी सत्तरीची, पण चढाने धाप लागलेली नव्हती. तिचे म्हणणे, परवापासून घळीत शिट्टी वाजते. थांबून थांबून. तिला मी समजावले की ती शीळ घालणाऱ्या कस्तुराची असते, हा पक्षी सह्याद्रीच्या घळींत राहतो आणि माणसासारखी शीळ घालतो.

"कस्तूर आमाला दावू नगा, बाबा," ती म्हणाली. "माजा जल्म गेला हितं. ते पाखरू पावसात बोलतंय. थंडीत त्याची वाचा बसती. आन् ते गानं म्हनतंय, हे निस्तं बोलावतंय."

पक्ष्यांच्या सवयी ग्रंथांतून अभ्यासाव्या लागतात, हे तिला सांगून उपयोग नव्हता. उतरून बघा म्हणाली. घळ खोल, उन्हे कलत आलेली, गाडी चुकली असती. महिपती म्हणाला, सरकारचा मानूस आल्याबिगर आमी तितं उतरनार न्हाई, बाम असला म्हंजे? कागद गेला का, असेही त्याने विचारले. आज जातो, म्हणालो.

बुधवार, १५ डिसेंबर.

अहवालाचा मसुदा पहिला. फार त्रोटक. मसुदा दुसरा. 'सादर कळवण्यात येते' आणि 'कळवण्याचा सन्मान वाटतो' यांतले इंग्रजीत कोणते योग्य, यावर सकाळ गेली. मसुदा तिसरा चांगला होता, पण पायरीचा परिच्छेद वैमानिकाच्या परिच्छेदाआधी घ्यावा की नंतर? महत्त्वाच्या क्रमाने आधी.

अकरा वाजता दोन विमाने खंडाळ्याच्या बाजूला घिरट्या घालत होती, खूप खाली, एकाच जागी पुनःपुन्हा. पोटाची खूण छान दिसली, लगेच टिपली. ती शोधतायत, असे अरुंधती म्हणाली. मी म्हणालो, चुकीच्या ठिकाणी. तिने माझ्याकडे पाहिले. मग तुम्ही एक तार करा ना, म्हणाली, चार शब्दांची, विमान वडिवळ्यास पडले आहे. तारेत अर्धविराम घालता येत नाही, हे मी तिच्या नजरेस आणले.

दुपारी एक पोलीस सायकलवरून बंगल्याबंगल्याला विचारत आला. विमान पडताना पाहिलेत का? मी सत्य तेच सांगितले: पडताना पाहिले नाही. पडलेले पाहिले आहे. पण ते त्याने विचारले नाही. नेमका प्रश्न विचारण्याचे शिक्षण पोलीस खात्यात देत नाहीत, त्याला मी काय करणार? शिवाय अर्धवट तोंडी माहितीने माझ्या लेखी अहवालाचे महत्त्व गेले असते.

अरुंधती दाराआड उभी होती. संध्याकाळी जेवली नाही. डोके दुखते म्हणाली.

गुरुवार, १६ डिसेंबर.

पुन्हा वडिवळे. कारण पायरीचा कोन. मंगळवारी बासष्ट अंश आला होता. घरी आल्यावर शंका आली की कोनमापक उतारावर धरला होता. बासष्टच निघाला. समाधान.

आज कवडसा नाही. शिट्टी एकदाच ऐकू आली, तीही अर्धी. कस्तुराचा हंगाम संपत आला असावा.

घळीवर तीन गिधाडे होती. पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली; प्रतिकृतिकारांनी अभ्यास करण्यासारखी.

पठाराच्या कडेच्या कारवीला पांढऱ्या रेशमी चिंध्या बांधलेल्या आढळल्या. दर पाच-सहा हातांवर एक, घळीच्या तोंडापर्यंत. नवसाच्या. हे लोक लोखंडाचा पक्षी पडला तरी तिथे देव मांडतील. तसे महिपतीला बोलून दाखवले.

तो चिंधीला हात लावून उभा राहिला. "सायेब, आमी हितं काय बांधत न्हाई. आमचा म्हसोबा पल्याड, ओढ्याला. आन् असलं लुगडं हाय कुनाकडं आमच्यात?" मग त्याने विचारले, "सायेब, कागद गेलाय नव्हं?"

गेल्यातच जमा आहे, असे उत्तर दिले. वस्तुतः ते खरेच होते. सहावा मसुदा जवळजवळ निर्दोष आहे.

मी गाडीसाठी उतरू लागलो तेव्हा तो अजून तिथेच उभा होता, आणि मग गावाच्या दिशेने ओरडला, "आरं भिमाजी, सोपान, दोर घ्या. बाम तर बाम."

शुक्रवार, १७ डिसेंबर. सकाळी १०.

मसुदा सातवा. अंतिम. सोबत तीन परिशिष्टे: पायरी, बैठक, रंग. रंगाचा लिफाफा टाचणीने जोडला. आरंभाची तारीख मी १४ डिसेंबरच ठेवली आहे, कारण निरीक्षण त्या दिवशीचे. तारखेशी खेळणारा मी नव्हे.

आता स्वच्छ प्रत. निब बदलले.

दुपारी २. प्रत करताना दुसऱ्या पानावर शाईचा ठिपका. पुन्हा आरंभापासून.

दुपारी ४. अरुंधती घरात नाही. तारघरात गेली आहे, असे शेजारी कळले. माझ्या संमतीशिवाय. चार शब्दांची तार केली असणार, विरामचिन्हांशिवाय. हरकत नाही; सविस्तर अहवालाची गरज त्यामुळे अधिकच भासेल.

संध्याकाळी ७. ती परत आली. तारमास्तरांनी सांगितले की आता तारेची गरज नाही, कामशेतहून दुपारीच तार आली. वडिवळ्याच्या लोकांनी काल संध्याकाळी घळीत उतरून माणूस शोधला. अंधारात घळीतून वर आणता येईना म्हणून रात्रभर शेकोटी करून बसले, आणि आज घोंगडीची झोळी बांबूला बांधून पाळीपाळीने खांदा देत स्टेशनवर पोचवला.

जिवंत आहे. पंजाबकडचा मुलगा, वय बावीस.

हे तिने सांगितले आणि आपला पाट, ताट, भांडे घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पनवेलचा माझा अंदाज चुकला. उपलब्ध माहितीवर तो बरोबर होता.

शनिवार, १८ डिसेंबर. सायंकाळी.

सकाळी लष्कराची जीप दारात. विमानदलाच्या अधिकाऱ्यांना कामशेतला गावकऱ्यांच्या जबान्या घ्यायच्या आहेत, इंग्रजी नीट जाणणारा माणूस हवा, असे ड्रायव्हरने सांगितले. कोट घातला. अहवाल, परिशिष्टे, सर्व सोबत. अखेर माझी योग्यता जिथे कळायची तिथे कळली, असे जाताना वाटत होते. हे लिहिणे आवश्यक आहे, कारण तसे वाटत होते.

स्टेशनची वेटिंग रूम. टेबलामागे एक गोरा अधिकारी, तरुण, दाढी न केलेला. बाकावर महिपती, मुक्ताबाई आणि झोळी वाहणारे चौघे.

जबान्या सुरू होण्याआधीच मी अहवाल पुढे ठेवला. त्याने पहिले पान वाचले. दुसरे वाचले. तारखेवर बोट ठेवून विचारले, हे मंगळवारी? मी म्हणालो, मंगळवारी. मग त्याने लिफाफा उघडला, टेबलावर उपडा केला आणि त्या तपकिरी कपच्यांकडे पाहत राहिला.

हा रंग नाही, असे तो म्हणाला. फार हळू आवाजात.

पुढचे त्याने जसे सांगितले तसे लिहितो. विमान उतरले तेव्हा वैमानिकाचा पाय घोट्यात मोडला. तो बाहेर पडला, मग हवाईछत्री आणि पाण्याची बाटली आत राहिली म्हणून पायरी ओढून, फाटलेल्या हाताने पकड धरून परत वर चढला. नंतर पाण्यासाठी घळीत उतरला, हवाईछत्रीच्या रेशमाच्या खुणा बांधत. वर येता येईना. उड्डाणात ती पायरी आतच असते. ती हातानेच ओढावी लागते. मंगळवारी त्याने समोरच्या पठारावर एक माणूस पाहिला, टोपीवाला, टेप घेतलेला. शिट्टी वाजवली, आरसा दाखवला. त्या माणसाने छत्री उघडली.

पुण्याच्या डॉक्टरांनी काल पाय कापला. मंगळवारी आणला असता तर पाय वाचला असता.

अधिकाऱ्याने मला खाली बसायला सांगितले नाही. भारत संरक्षण कायद्याचे कलम उच्चारले. पाच दिवस माहिती दडवणे, लष्करी यंत्राचे मोजमाप घेणे, पोलिसाला खोटे सांगणे; त्या पोलिसाची नोंद टेबलावर होती. याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला कळते का, असे विचारले. मला कळत होते. दाराशी दोन शिपाई होते.

तेवढ्यात महिपती उठला. अधिकाऱ्याला काही सांगायचे आहे म्हणाला. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. दुसरा कोणी दुभाषी नव्हता.

महिपतीचे शब्द:

"सायेब, हे आमचे सायेब लय शिकल्यात, पर डोस्क्यानं अर्धे हायेत. समद्या खोऱ्याला ठावं हाय. वर बघत चालत्यात आन् बांधावरनं पडत्यात. त्यांच्या मनात पाप न्हाई. त्यांना मानूस दिसतच न्हाई, फकस्त खिळं दिसत्यात. त्यांच्यावर डूख धरू नगा. चूक आमची हाय. एवढ्या जोखमीचा कागद आमी येड्याच्या हाती दिला."

मुक्ताबाई बाकावरूनच म्हणाली, "व्हय. आन् त्यांची बायको चांगली हाय हो. तिच्याकडं बघून सोडा."

मी इंग्रजी केले. 'अर्धे' या शब्दाला इंग्रजीत तीन पर्याय सुचतात. त्यांतला सर्वांत सौम्य शब्द वापरता आला असता. येड्याला 'विक्षिप्त' असेही म्हणता आले असते, आणि तो शब्द विद्वानांना लावण्याची रीत आहे. शिपाई दाराशी होते. मी साधा शब्द घेतला. मुक्ताबाईचे वाक्यही गाळले नाही.

हे तुमच्याबद्दल बोलत आहेत का, असे अधिकाऱ्याने विचारले. होय. तुम्ही शब्दशः सांगितलेत? शब्दशः.

त्याने माझा अहवाल मिटून बाजूला सारला. राग उतरत गेलेला स्पष्ट दिसला. त्याच्या जागी जे आले ते मला अधिक जड गेले. मग त्याने लेखणी उचलून काही ओळी लिहिल्या, अहवाल आणि मापांची वही आपल्या पेटीत ठेवली आणि शिपायांना जायला सांगितले. या गृहस्थांना घरी पोचवायला कोणी आहे का, असे त्याने विचारले. हेही मलाच मराठीत सांगावे लागले.

महिपती हो म्हणाला.

गाडीला वेळ होता. फलाटावर तो माझ्या शेजारी उभा होता, अर्ध्या हातावर, रुळांच्या बाजूला. गाडी आल्यावर त्याने मला दंडाला धरून चढवले आणि गार्डला सांगितले की यांना लोणावळ्याला उतरवा, त्यांचे त्यांना कळायचे नाही.

मी खिडकीतून वाकून, हलक्या आवाजात त्याला म्हणालो, महिपती, मला वाचवण्यासाठी तू तसे बोललास, हे मी जाणतो.

"व्हय व्हय, सायेब," तो म्हणाला. आणि खिडकीवरचा माझा हात थोपटून, पुन्हा एकदा, "व्हय व्हय."